पन्नाशीनंतरही नव्या शहरात बिऱ्हाड मांडणाऱ्या डॉक्टर रखमाबाई

चाळिशी आली की माणूस जागा सोडायला तयार होत नाही. घर, शेत, भावकी, उधारीवर देणारा दुकानदार, ओळखीचा डॉक्टर, सगळं एका जागी बसलेलं असतं. त्यातून बाई एकटी परक्या शहरात निघाली म्हटलं की पारावर बोलणं सुरूच. या वयात कुठं निघाली? कुणाच्या भरवशावर? तिथं आपलं कोण आहे?

आपल्या तालुक्यातल्या कितीतरी बायांना आजही हे ऐकावं लागतं. कुणी लेकरांच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी खोली करते, कुणी दवाखान्यात कामाला लागते, कुणी वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. मागं नवरा असतोच असं नाही. म्हणून आज एका मराठी बाईची गोष्ट सांगायची आहे. तिनं एकदा तिसाव्या वर्षी आणि पुन्हा पन्नाशी उलटल्यावर, दोन्ही वेळा एकटीनं परकं शहर गाठलं. ही बाई म्हणजे डॉक्टर रखमाबाई.

खटल्यानं गाजलेलं नाव

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. घराणं सुतार समाजाचं. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तरुण होत्या. त्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. जयंतीबाईंनी पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सखाराम अर्जुन नुसते डॉक्टर नव्हते, झाडाझुडपांचे मोठे जाणकार होते. अशा घरात रखमाबाई वाढल्या. पुस्तकं हाताशी होती आणि सावत्र बापानं जीव लावला होता.

तरी काळ चुकला नाही. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं. दादाजी तेव्हा १९ वर्षांचे. लग्नानंतर रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. मोठ्या झाल्यावर नांदायला बोलावणं आलं, तर त्यांनी नकार दिला. ज्या वयात लग्नाचा अर्थ कळत नव्हता त्या वयातलं लग्न आपण मानत नाही, असं त्यांचं म्हणणं.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. त्यावर अपील झालं, प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

आजच्यासारखे मोबाईल तेव्हा नव्हते, पण बदनामी पसरायला मोबाईल लागत नाही. वर्तमानपत्रांतून दोन तट पडले. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. टिळकांच्या केसरी आणि मराठा या पत्रांनी विरोधात लिहिलं. इंग्लंडपर्यंत गाजावाजा झाला. खटला चालू असतानाच १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. घरातला मोठा आधार गेला.

शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये द्यायचे आणि त्यांनी हुकुमाची अंमलबजावणी सोडायची, असं ठरलं. त्या काळचे दोन हजार म्हणजे मोठी रक्कम. रखमाबाई मोकळ्या झाल्या, पण मुंबईत त्यांच्या नावाआधी खटला आठवायचा. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला आणि मुलींसाठी वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. त्यामागं ज्या घडामोडी होत्या त्यात हा खटलाही धरला जातो.

परदेशी शिक्षण आणि परत येणं

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉक्टर एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायचं सुचवलं आणि मदतीला उभ्या राहिल्या. पैसा गोळा झाला. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला निघाल्या. लंडनमध्ये बायकांसाठी वेगळं वैद्यकीय विद्यालय होतं, तिथं त्या शिकल्या. १८९४ मध्ये शिक्षण पुरं झालं.

आपल्याकडच्या आनंदीबाई जोशी त्यांच्याआधी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या होत्या, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, रुग्ण तपासायला बसण्याआधीच त्या गेल्या. रखमाबाई परत आल्या आणि प्रत्यक्ष दवाखाना चालवला. तेव्हा देशात अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

मुंबईत कामा हॉस्पिटलमध्ये थोडे दिवस काम केल्यावर १८९५ मध्ये त्यांच्यासमोर सुरतेचं काम आलं. तिथल्या बायकांच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून जायचं होतं. रखमाबाई निघाल्या.

सुरतेतले दिवस

सुरत मुंबईपासून रेल्वेनं काही तासांवर. आपल्या भुसावळकडून वाहत जाणारी तापी तिथं समुद्राला मिळते. नाव सगळ्या मराठी माणसांना शिवाजी महाराजांमुळं ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि तिथं एकटीनं राहणं वेगळं. बोली गुजराती, रीतीभाती वेगळ्या. त्यात ही बाई एकटी राहणारी, कोर्टात गाजलेली, सातासमुद्रापार जाऊन आलेली. तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून धर्म बुडाला असं मानणारे पुष्कळ होते.

दवाखाना होता, डॉक्टर होती, पण बाळंतपणाला बाया येईनात. बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईण, अशीच वहिवाट. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती. आपल्याकडेही आजी-पणजीच्या तोंडून हे ऐकलेलं असेल. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून किती बाया घरातच गेल्या असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

इथं एक आठवण सांगितली जाते. बाया येत नाहीत म्हणताना रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिचं बाळंतपण तिथं केलं. शेळी आणि करडू दोन्ही धडधाकट. बघणाऱ्यांची भीती थोडी मोडली आणि मग बाया यायला लागल्या. आपण शेतकरी माणसं, आपल्याला यातली हुशारी लगेच कळते. गोठ्यात अडलेली गाय ज्यानं सोडवली त्याच्यावर गावाचा विश्वास बसतो, त्याला प्रमाणपत्र कुणी विचारत नाही.

रोप वाफ्यातून काढून दुसरीकडं लावलं की आठ-दहा दिवस मान टाकतं. मूळ धरेपर्यंत पाणी देत राहायचं आणि वाट बघायची. माणसाचंही तसंच. रखमाबाईंना मूळ धरायला दिवस नाही, वर्षं लागली असतील. पण त्या हलल्या नाहीत.

सुरतेत त्या असतानाच प्लेगची साथ आली. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढच्या काळात गुजरातेतही पसरला. त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात, आजही म्हातारी माणसं त्याचं नाव काढतात. अशा वेळी ज्याला पळता येतं तो आपल्या मूळ गावी पळतो. रखमाबाईंचं माहेर मुंबईत होतं, गाडी होती. तरी त्यांनी सुरत सोडली नाही. वीस वर्षांहून जास्त काळ तोच दवाखाना, तीच जबाबदारी. ज्या मुली तिथं जन्मल्या त्याच पुढं बाळंतपणाला त्यांच्याच हाताखाली आल्या असतील, एवढा हा काळ.

मुंबईत त्या खटलेवाली रखमाबाई होत्या. सुरतेत त्या डॉक्टर झाल्या. परक्या शहरानं त्यांना हे एक दिलं, आणि ते कमी नव्हतं.

पांढरं लुगडं

१९०४ मध्ये दादाजी भिकाजी वारल्याची बातमी आली. त्यांनी पुढे दुसरा संसार मांडला होता. रखमाबाईंनी मात्र ती बातमी आल्यावर विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली आणि पुढं तेच नेसत राहिल्या.

ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारलं त्या नवऱ्यासाठी असं का, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. अभ्यासक याचा अर्थ वेगवेगळा लावतात. आपल्या गावातली एखादी म्हातारी मात्र यावर फार बोलणार नाही. एकट्या बाईला कामासाठी घरोघरी फिरावं लागतं, चार लोकांत बसावं लागतं, तेव्हा अंगावरचं कापडही कधी कधी कुंपणाचं काम करतं, एवढं तिला कळतं. रखमाबाईंच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्यांदा लग्न त्यांनी केलं नाही.

पुन्हा नवं गाव

आता गोष्टीतला दुसरा भाग. १९१८ साल. रखमाबाई ५३ वर्षांच्या. सुरतेत नाव झालेलं, घरोघर ओळख. डॉक्टर बायांसाठी सरकारनं उभी केलेली वैद्यकीय सेवा होती, तिच्यात त्यांना बोलावणं आलं. ती जागा त्यांनी घेतली नाही आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्याचं काम पत्करलं.

राजकोट म्हणजे काठियावाड. सुरतेहून आणखी लांब. संस्थानी मुलूख, राजघराण्यांचा कारभार, बायकांचा पडदा तिथं अजून कडक. तेव्हा या देशात पन्नाशी गाठणं हेच नशीब समजलं जायचं. पन्नाशीनंतर लोक काशीची यात्रा करायचे, सुनेच्या हाती चाव्या द्यायचे. या बाईनं सामान बांधलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फरक एवढाच की आता गुजराती बोली येत होती आणि हातात वीस-बावीस वर्षांचा अनुभव होता.

राजकोटला त्यांनी साधारण ११ वर्षं काम केलं. तिथं रेडक्रॉसची शाखा उभी केली. १९२९ च्या सुमारास निवृत्त झाल्या, तेव्हा एकूण नोकरी ३५ वर्षांच्या आसपास झाली होती. निवृत्तीनंतर त्या मुंबईला परतल्या. पडदा पद्धत बंद झाली पाहिजे, अशी बाजू मांडणारी पुस्तिका त्यांनी त्याच वेळी लिहिली. आयुष्यभर पडद्याआडच्या बायांची दुखणी पाहिलेल्या बाईला यापेक्षा दुसरं काय लिहावंसं वाटणार!

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचं निधन झालं. वय ९० वर्षं. ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट मागता येऊ लागला. सत्तर वर्षांपूर्वी त्या कोर्टात एकट्या उभ्या होत्या.

आपल्यासाठी काय?

रखमाबाईंकडं सगळंच कठीण होतं असं म्हणणं खरं नाही. शिकलेलं घर होतं, पाठीशी उभी राहणारी माणसं होती, हातात विद्या होती. आपल्या भागातून शहरात जाणाऱ्या बाईकडं यातलं बरंचसं नसतं. खोली भाड्यानं मागायला गेली तर पहिला प्रश्न नवऱ्याचा होतो. म्हणून तिचं जाणं रखमाबाईंपेक्षा सोपं आहे असं कुणी समजू नये.

पण एक गोष्ट दोघींना सारखीच लागू पडते. परकं शहर पहिल्या दिवशी कुणाला आपलं म्हणत नाही. त्याला तुमचं काम दिसावं लागतं, आणि काम दिसायला वेळ जावा लागतो. पहिल्या सहा महिन्यांत रडू येतं, परत फिरावंसं वाटतं, म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. आणि वय झालं म्हणून नवं गाव लागू पडत नाही, हे तर ५३ व्या वर्षी राजकोटला गेलेल्या बाईनं खोटंच ठरवलं.

आणि मागं राहणाऱ्या आपल्यासाठीही एक आहे. गावातली एखादी ताई, वहिनी, मावशी बॅग घेऊन एसटी स्टँडवर उभी दिसली, तर या वयात कुठं, असं विचारण्याआधी तिची बॅग गाडीत चढवून द्यावी. पोचलीस की फोन कर, एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.