एका खोट्या नाण्यात फसला, आणि मग अख्ख्या युरोपला खोटी नाणी विकत बसला

जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला एक भीती कायम असते. रोख पैसे मोजून घेतलेलं नाणं खोटं निघालं तर?

आज आपल्याकडे शिवराईपासून होनापर्यंत सगळ्याच्या नकला बाजारात फिरतायत. पण या धंद्यातला सगळ्यात मोठा उस्ताद २०० वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेला. त्याचं नाव कार्ल विल्हेल्म बेकर.

बेकरचा जन्म १७७२ चा, गाव स्पायर. घरचा धंदा वाईनचा. त्यानं आधी वाईन विकली, मग कापड विकलं, पण जीव जडला तो जुन्या नाण्यांवर.

तर किस्सा असा सांगतात की, एका बॅरननं त्याला रोमन सम्राट कोमोडसचं सोन्याचं नाणं विकलं. ते खोटं निघालं. बेकर जाब विचारायला गेला, तर बॅरननं उलट त्यालाच सुनावलं. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात पडायचं कशाला, असा त्याचा सूर होता.

बेकरच्या हे जिव्हारी लागलं. तो म्युनिकच्या टांकसाळीत ठसे कोरायला शिकला आणि स्वतः पाडलेलं खोटं नाणं त्याच बॅरनच्या गळ्यात मारलं.

हिशोब चुकता झाला. इथं थांबला असता तर गोष्ट संपली असती. पण हात बसला होता आणि पैसाही दिसला होता.

त्याचं काम एकदम पक्कं असायचं. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे पोलादी ठसे तो स्वतः कोरायचा. अस्सल पण स्वस्तातली जुनी नाणी घ्यायची आणि त्यांच्यावरच दुर्मिळ नाण्याचा ठसा मारायचा. त्यामुळं धातू तपासला तरी तो जुनाच निघायचा.

राहिला प्रश्न नव्या चकाकीचा. त्यासाठी तो नाणी लोखंडाचा कीस आणि ग्रीस भरलेल्या डब्यात टाकायचा आणि डबा घोडागाडीखाली बांधून फिरायला निघायचा. खडबडीत रस्त्यावर हिसके बसून नाणी शेकडो वर्षं वापरल्यासारखी दिसायची.

ग्रीक, रोमन, मध्ययुगीन अशी ३०० हून जास्त प्रकारची नाणी त्यानं पाडली. ती युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहांत जाऊन बसली.

आणि हा काही गल्लीबोळातला भामटा नव्हता. इझेनबुर्गच्या राजानं त्याला आपला ग्रंथपाल केलं, दरबारी किताब दिला. महाकवी गटेनं त्याच्या संग्रहाची दखल घेतली होती. म्हणजे लोक नाण्यावर नाही, माणसाच्या नावावर विश्वास ठेवत होते.

१८२६ मध्ये सेस्टिनी नावाच्या इटालियन अभ्यासकानं बेकरची नाणी उघडी पाडली. बेकरचं म्हणणं असं की, ज्यांना अस्सल नाणी परवडत नाहीत त्यांच्यासाठी आपण नकला करतो. यात थोडं तथ्यही होतं, कारण शिशात पाडलेले नमुन्यांचे संच तो उघडपणे विकायचा.

पण मग प्रश्न उरतोच. नक्कल म्हणूनच विकायची, तर ती जुनी दिसावी म्हणून घोडागाडीखाली कशाला बांधायची?

शेवटच्या काळात पैशाची चणचण होती. १८३० मध्ये होम्बुर्ग इथं तो गेला. त्याचे ठसे आज बर्लिनच्या नाणेसंग्रहात आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज हिल यांनी १९२४ च्या सुमारास त्याच्या नाण्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यामुळं आता त्याचं नाणं ओळखता येतं.

पुढं या धंद्यानं नियम केले. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नकली नाण्यावर ‘कॉपी’ असं छापावंच लागतं. चांगला विक्रेता नाणं आलं कुठून ते सांगतो, पक्कं बिल देतो आणि खोटं निघालं तर परत घेतो. यातलं काहीच द्यायला कुणी तयार नसेल, तर नाणं कितीही देखणं असू द्या, तिथून निघायचं.

गंमत म्हणजे आज बेकरच्या खोट्या नाण्यांनाही गिऱ्हाईक आहे. बेकरचं नाणं म्हणून विकलं तर तो सरळ व्यवहार. तेच नाणं रोमन म्हणून विकलं की फसवणूक. नाणं तेच, फरक फक्त विकणाऱ्याच्या शब्दाचा.