लेथवरचा एक जॉब

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब करताना आपण किती कंटाळतो! पण एका डॉक्टरने लेथवर केलेला जॉब अख्ख्या जगाच्या उपयोगी पडला. त्याचं नाव रेने लेनेक.

लेनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. पाच वर्षांचा असतानाच आई गेली. पुढे तो नांत शहरात डॉक्टर काकांकडे वाढला आणि तिथेच वैद्यकाची गोडी लागली. लेनेक बासरीही छान वाजवायचा, त्यामुळे कान तयार होता.

१८१६ मध्ये तो पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात काम करत होता. एका तरुण, स्थूल बाईच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. मग त्याने कागदाची घट्ट गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज चक्क जास्त स्पष्ट आला! घरी लेथवर त्याने लाकडाची नळी बनवली. हाच पहिला स्टेथोस्कोप.

खरं मोठं काम पुढचं आहे. जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेलं फुप्फुस यांची तो जुळणी करत गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने उपकरणाचं कॅलिब्रेशन केलं. न्यूमोनियात फुप्फुस यकृतासारखं घट्ट होतं, हेही त्याने नोंदवलं. १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. १३ ऑगस्ट १८२६ रोजी क्षयाने तो गेला, वय अवघं ४५. त्याची छाती शेवटी त्याच्याच नळीने एका नातेवाईकाने तपासली होती.

आज नेकेर रुग्णालय लहान मुलांच्या उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. आणि खोकल्याने, तापाने बेजार झालेलं बाळ रडत असेल तर स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही. अशा वेळी डॉक्टर खाटेपाशीच सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवतात, बाळ आईच्या मांडीवर असलं तरी चालतं. एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही. प्रोबमधला पिझो क्रिस्टल ध्वनिलहरी सोडतो. निरोगी फुप्फुसातली हवा त्या परत फेकते, म्हणून पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा दिसतात. न्यूमोनियात हवेची जागा स्रावाने घेतली की लहरी आत शिरतात आणि तो भाग दिसतो कसा? यकृतासारखा! लेनेकने जे मृत्यूनंतर पाहिलं, ते आता वेळेवर, उपचार करता येतील तेव्हाच दिसतं.

अर्थात फुप्फुसाच्या पृष्ठभागापर्यंत न आलेला दोष प्रोबला सापडत नाही. त्यामुळे बाळाचा श्वास, ताप, ऑक्सिजन हे सगळं बघावंच लागतं. आधी पडताळा, मग विश्वास, हे तर लेनेकनेच शिकवलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला लेथसमोर उभे राहाल, तेव्हा त्याची आठवण काढा. जॉब रिजेक्ट झाला तरी चालेल!