शियाळी रामामृत रंगनाथन

शियाळी रामामृत रंगनाथन (१२ ऑगस्ट, १८९२:शियाळी, तंजावर जिल्हा, मद्रास इलाखा - २७ सप्टेंबर, १९७२:बंगळूर) हे भारतीय गणिताध्यापक, ग्रंथपाल आणि ग्रंथालयशास्त्रज्ञ होते. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे आणि द्विबिंदू वर्गीकरण पद्धती यांमुळे ते जगभर ओळखले जातात. नियतकालिकांची आवक, त्यांचे बोधांक आणि प्रत्येक अंकाची स्वतंत्र नोंद यांविषयी त्यांनी घालून दिलेली शिस्त तुलनेने कमी परिचित आहे. ग्रंथालयांच्या रोजच्या कामात मात्र तिचाच प्रभाव अधिक काळ टिकला. भारतात १२ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

== पूर्वायुष्य ==
रंगनाथन सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. शियाळीच्या हिंदू हायस्कुलात शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून १९१३ साली बी.ए. आणि १९१६ साली गणितात एम.ए. ही पदवी मिळवली. तेथील प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना ते आयुष्यभर गुरू मानत. पुढे सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन त्यांनी मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथील सरकारी महाविद्यालयांत गणित शिकवले. बोलताना अडखळण्याचा दोष त्यांना होता, तरी वर्गात ते विद्यार्थिप्रिय होते.

== ग्रंथपालपद ==
मद्रास विद्यापीठाने पहिला ग्रंथपाल नेमण्यासाठी अर्ज मागवले, तेव्हा या कामाचे शिक्षण घेतलेला उमेदवार मिळाला नाही. रंगनाथन यांची निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. ओस पडलेल्या ग्रंथालयातील एकांत त्यांना सोसवेना. काही दिवसांतच ते प्रेसिडेन्सी कॉलेजात परतण्याची विनंती घेऊन प्राचार्यांकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन यावे, त्यानंतरही मन रमले नाही तर विचार करू, असे त्यांना सांगण्यात आले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकत असताना क्रॉयडनचे ग्रंथपाल डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यांनी इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. सेल्फ्रिजेस या दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहताना त्यांना वर्गीकरणाची कल्पना सुचली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मोजक्याच पट्ट्या आणि खिळे निरनिराळ्या रीतीने जोडून अनेक वस्तू उभ्या करता येतात. त्याचप्रमाणे विषयाचे घटक वेगळे करून लागेल तसे जोडावेत, असा तो विचार होता. जोडणीची खूण म्हणून त्यांनी द्विबिंदू निवडला. १९२५ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी मद्रासच्या संग्रहावर ही पद्धत वापरून पाहण्यास सुरुवात केली.

पुढची सुमारे वीस वर्षे ते जवळजवळ रजा न घेता काम करीत राहिले. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. १९२९ साली त्यांनी शारदा यांच्याशी विवाह केला. 'फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स' (१९३१), 'कोलन क्लासिफिकेशन' (१९३३), 'क्लासिफाइड कॅटलॉग कोड' (१९३४) आणि 'लायब्ररी अॅडमिनिस्ट्रेशन' (१९३५) हे ग्रंथ याच पाच वर्षांत बाहेर पडले.

== नियतकालिकांचा प्रश्न ==
ग्रंथ एकदा दाखल झाला, त्याला वर्गांक व ग्रंथांक मिळाला आणि तो फडताळावर गेला की ग्रंथपालाचे काम बहुतांशी संपते. नियतकालिकाचे तसे नाही. ते संपतच नाही. अंक उशिरा येतो, कधी टपालात गहाळ होतो, कधी दोन महिन्यांचा जोडअंक निघतो. नियतकालिकाचे नाव बदलते, ते दुसऱ्यात विलीन होते किंवा बंद पडते. मराठीत याची उदाहरणे विपुल आहेत. बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' १८३२ साली पाक्षिक म्हणून सुरू झाले आणि काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' झाले. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून दिवाळी अंक हा मासिकाचाच अंक मानावा की स्वतंत्र वार्षिक, हा पेच मराठी ग्रंथपालांच्या वाट्याला आला. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची ज्या चिकाटीने सिद्ध झाली ती असामान्य होती. पण छापून पूर्ण झालेल्या ग्रंथांची मोजदाद आणि अखंड चालू असलेल्या प्रकाशनांची मोजदाद ही दोन निराळ्या जातीची कामे आहेत.

हा निराळेपणा रंगनाथन यांनी ओळखला आणि एका नियतकालिकाची माहिती तीन पत्रांवर विभागली. नोंदपत्रावर नाव, प्रकाशक, वर्गणी आणि आलेल्या प्रत्येक अंकाची तारीख असे. ही पत्रे नावाच्या वर्णानुक्रमाने लावत. तपासणीपत्र मात्र अंक ज्या आठवड्यात अपेक्षित असेल त्या आठवड्यामागे ठेवले जाई. अंक आला की त्यावर खूण करून ते पुढच्या अपेक्षित आठवड्यामागे सरकवायचे. आठवडा संपल्यावर जी पत्रे जागची हलली नसतील, तेवढेच अंक आलेले नाहीत. स्मरणपत्र कोणाला पाठवायचे हे शोधण्यासाठी कोणतीही वही चाळावी लागत नसे. तिसरे वर्गीकृत निर्देशीपत्र वर्गांकाच्या क्रमाने लावलेले असे. संग्रहात कोणते खंड, पुरवण्या आणि सूची आहेत हे त्यावरून वाचकाला सांगता येई. अंक गहाळ झाल्याचे वर्षाअखेरीस, बांधणीच्या वेळी कळले तर प्रकाशकाकडे तो बहुधा शिल्लक नसतो. खंड कायमचा अपुरा राहतो. हे टाळणे, हा या साध्या युक्तीचा खरा हेतू होता.

बोधांकाची रचनाही याच विचाराने केलेली होती. द्विबिंदू पद्धतीत गणितासाठी 'बी', नियतकालिकासाठी 'एम', भारतासाठी ४४ आणि १९०० ते १९९९ या शतकासाठी 'एन' हे चिन्ह येते. विषय, देश आणि आरंभकाळ यांवरून वर्गांक बनतो. त्यात नियतकालिकाचे नाव नसते, म्हणून केवळ नाव बदलले या कारणाने आधीचे खंड हलवावे लागत नाहीत. वर्गांक साऱ्या खंडांना समान, आणि खंडाचे वर्ष किंवा क्रमांक प्रत्येक प्रतीपुरता वेगळा. नियतकालिकाची नोंद आणि त्याच्या एकेका खंडाची नोंद यांतील हा भेद आजच्या संगणकप्रणालींतही पाळला जातो. शिवाय या पद्धतीत एखाद्या विषयाची नियतकालिके त्या विषयावरील सर्वसाधारण ग्रंथांच्या आधी लागतात.

== मद्रासनंतर ==
१९४५ ते १९४७ या काळात बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण व तालिकीकरण जवळजवळ एकट्याने केले. त्यानंतर ते दिल्ली विद्यापीठात गेले. १९४४ ते १९५३ या काळात ते भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्ष होते. दक्षिण आशियातील विद्वत्तापूर्ण नियतकालिकांच्या संघसूचीचा पहिला खंड १९५३ साली निघाला. कोणते नियतकालिक कोणत्या ग्रंथालयात आहे, याचा शोध त्यामुळे एका ठिकाणी घेता येऊ लागला. १९५७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये देऊन मद्रास विद्यापीठात पत्नीच्या नावे प्राध्यापकपद निर्माण केले. १९६२ साली बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले.

== टीका व प्रभाव ==
द्विबिंदू पद्धतीचा तात्त्विक प्रभाव मोठा असला तरी तिचा प्रत्यक्ष वापर मर्यादित राहिला. एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत चिन्हे बदलत गेली आणि हजारो ग्रंथांचे बोधांक पुन्हा लिहिण्याची तयारी फारच थोड्या ग्रंथालयांनी दाखवली. सातवी आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली प्रसिद्ध झाली. भारतातील बहुतेक ग्रंथालये ड्यूई दशांश पद्धतीच वापरतात. ग्रंथपालांकडून बदलाची अपेक्षा करणाऱ्या रंगनाथन यांनी या अडचणीला पुरेसे महत्त्व दिले नाही, असे म्हणावे लागते.

ग्रंथालय कायद्यांच्या बाबतीत त्यांचा आग्रह अधिक फळाला आला. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ साली मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. त्यापाठोपाठ १९५५ साली हैदराबाद राज्यात कायदा झाला. केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि सारा बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात कराची तरतूद नाही; खेड्यांतील ग्रंथालये संस्था चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. हा वर्ग ठरवताना ग्रंथांप्रमाणेच वृत्तपत्रे व नियतकालिके यांची संख्याही पाहिली जाते. त्यामुळे लहान गावातील ग्रंथपालालाही आलेल्या अंकांची नोंद चोख ठेवावी लागते.

कोहा या संगणकप्रणालीत नियतकालिकाच्या अंकापुढे अपेक्षित, प्राप्त, विलंबित, गहाळ, मागणी केलेला अशा अवस्था नोंदवल्या जातात. मद्रासच्या तपासणीपत्राला जे काम हाताने करावे लागे, तेच येथे अपेक्षित तारीख उलटल्यावर प्रणाली करते.