अट वडिलांची, लाभ देशाचा
पदव्युत्तर विद्यार्थ्याने एकच विषय धरावा, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहू नये, असा आपल्या विद्यापीठांचा दंडक होता. होमी भाभांचे चरित्र याच्या नेमके उलट आहे.

१९२७ साली भाभा केंब्रिजला गेले ते अभियंता होण्यासाठी. परतून त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरची इच्छा होती. परंतु डिरॅक यांच्यासारखे पुंजभौतिकीचे आचार्य तेथे असल्याने मुलाचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. वडिलांनी तोड काढली : आधी अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी, मग खुशाल गणित. १९३० साली भाभांनी अट पुरी केली. पुढे १९३५ साली इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन परस्परांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित त्यांनी मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

अभियांत्रिकीची वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापताना आधी पदे निर्माण करून मग माणसे शोधण्याची रूढ रीत त्यांनी उलटी केली. आधी माणूस हेरावयाचा, मग त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावयाचा. (सरकारी खात्यांना हे अद्याप पचलेले नाही.) सिद्धांताच्या या माहेरघरात टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० साली चालू झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. त्यांच्या संस्थेत घडविलेल्या सहा क्युबिटांच्या क्वांटम प्रक्रियकाची चाचणी २०२४ साली पूर्ण झाली. त्याची नियंत्रणयंत्रणा पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेतील वैज्ञानिकांनी जोडली.