विजेचा दाब प्रकाशाने मोजता येतो, तो पॉकेल्समुळे

फ्रिडरिश पॉकेल्स १८६५ मध्ये इटलीतल्या विचेंझात जन्मले, शिकले जर्मनीत. (मुलगी म्हणून विद्यापीठ बंद असलेली थोरली बहीण ॲग्नेस त्यांची पुस्तकं वाचून घरीच शास्त्रज्ञ झाली!)

काही स्फटिकांवर विजेचा दाब दिला की त्यांतून जाणारा प्रकाश बदलतो. स्फटिक ताणला गेल्यानेही प्रकाश बदलतो. १८९३ च्या सुमारास पॉकेल्सनी ही दोन कारणं वेगळी काढून दाखवली. खरी किमया हीच.

आज याच परिणामावर फायबर ऑप्टिक सेन्सर उच्चदाबाच्या वाहिन्यांचं व्होल्टेज मोजतात. तिथे आणखी एक कारण आडवं येतं, ते म्हणजे तापमान. व्होल्टेज तेवढंच, पण ऊन चढलं की आकडा सरकतो. म्हणून स्फटिकाचं तापमानही मोजून आकडा दुरुस्त करतात.

पॉकेल्स १९१३ मध्ये गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. तेव्हा लेझरही नव्हता.