विश्लेषण : ‘फोर सीझन्स’चे व्हिवाल्डी दोन शतके विस्मृतीत का गेले?

अंतोनिओ व्हिवाल्डी यांच्या ‘फोर सीझन्स’ची धून आज रिंगटोनपासून जाहिरातींपर्यंत कुठेही कानावर पडते. मात्र शंभर वर्षांपूर्वी त्यांची बहुतांश हस्तलिखिते कुठे आहेत, हेच संगीतजगताला ठाऊक नव्हते. त्यांच्या १२ व्हायोलिन सोनाटांचा संच तर १९७३ मध्ये इंग्लंडमधील एका ग्रंथालयात सापडला. बरोक संगीत वाजवणारे छोटे वाद्यसमूह आता या सोनाटा आवर्जून सादर करतात.

व्हिवाल्डी कोण होते?

त्यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी व्हेनिसमध्ये झाला. वडील जोव्हानी बात्तिस्ता आधी न्हावीकाम करत, पुढे ते सेंट मार्क चर्चमध्ये व्हायोलिनवादक झाले. अंतोनिओ यांना वडिलांकडून व्हायोलिन मिळाले आणि लाल केसही. १७०३ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि ‘लाल केसांचा पाद्री’ ही त्यांची ओळख झाली. छातीच्या जन्मजात विकारामुळे काही काळातच त्यांनी प्रार्थनाविधी चालवणे सोडले. संगीत मात्र सुटले नाही.

अनाथ मुलींचा वाद्यवृंद

त्याच वर्षी ते व्हेनिसच्या ‘पिएता’ या संस्थेत व्हायोलिन शिकवू लागले. टाकून दिलेल्या मुलींना ही संस्था सांभाळत असे. त्यातील गुणी मुलींना संगीत शिकवले जाई. त्या जाळीआड बसून गात-वाजवत. त्यांना ऐकायला युरोपभरातून प्रवासी येत. या मुलींसाठी व्हिवाल्डी यांनी अनेक कन्सर्टो लिहिले. नोकरी मात्र कायमची नव्हती. शिक्षकाला ठेवायचे की नाही, यावर संस्थेचे संचालक ठरावीक काळाने मतदान घेत. १७०९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. १७११ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले.

हयातीत कीर्ती किती होती?

१७११ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या त्यांच्या १२ कन्सर्टोंनी युरोपात नाव झाले. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख यांनी त्यातील काही रचना स्वतःच्या वाद्यांसाठी बांधून घेतल्या. १७२५ मध्ये ‘फोर सीझन्स’ही अॅमस्टरडॅममध्येच छापले गेले. सुमारे ५०० कन्सर्टो आणि पन्नासच्या आसपास ऑपेरा त्यांच्या नावावर आहेत. पण व्हेनिसची आवड पालटली. नव्या संगीतकारांपुढे त्यांची शैली जुनी वाटू लागली.

अखेर कशी झाली?

१७४० मध्ये काही कन्सर्टो ‘पिएता’ला विकून ते व्हेनिसबाहेर पडले आणि व्हिएन्नाला पोहोचले. त्यांच्या संगीताचा चाहता असलेला सम्राट सहावा चार्ल्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. दुखवट्यात नाट्यगृहे बंद झाली. २८ जुलै १७४१ रोजी ६३ वर्षांच्या व्हिवाल्डी यांचे भाड्याच्या खोलीत निधन झाले. त्याच दिवशी साधेपणाने दफनविधी झाला. ते दफनस्थान आता उरलेले नाही.

हस्तलिखिते कशी सापडली?

पुढे त्यांचे नाव टिकले ते मुख्यतः बाख यांच्या अभ्यासकांमुळे. कलाटणी मिळाली १९२६ मध्ये. उत्तर इटलीतील बोर्गो सान मार्तिनो येथील मठवासीयांनी जुन्या संगीतवह्या विकायला काढल्या. तुरिनचे प्राध्यापक अल्बेर्तो जेंटिली यांनी त्या तपासल्या, तेव्हा त्यातील १४ खंड व्हिवाल्डी यांचे निघाले. ग्रंथालयाकडे खरेदीसाठी पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ यांनी बालवयात गेलेल्या मुलाच्या, माउरोच्या स्मरणार्थ तो संग्रह घेऊन तुरिनच्या ग्रंथालयाला दिला. संग्रह अर्धाच असल्याचे जेंटिली यांनी ताडले. उरलेला भाग जेनोव्हातील दुराझ्झो घराण्याकडे होता. १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो यांनी तो घेतला, तोही गमावलेल्या मुलाच्या, रेन्झोच्या नावे. तुरिनमधील या संग्रहांना आजही त्या दोन मुलांची नावे आहेत.

जेंटिली ज्यू होते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांचे विद्यापीठातील पद गेले. पुढच्याच वर्षी सिएना येथे व्हिवाल्डी यांच्या संगीताचा सप्ताह झाला, तो त्यांच्याविना.

मँचेस्टरमध्ये काय सापडले?

सोनाटांचा प्रवास वेगळा आहे. व्हिवाल्डी यांनी त्या रोममधील संगीतप्रेमी कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनी यांना दिल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. ओत्तोबोनी १७२६ मध्ये व्हेनिसला आले होते. त्यांच्या मृत्यूनंतर संग्रह विकला गेला आणि त्यातील काही भाग हँडेल यांच्या ‘मेसाया’चे शब्द जुळवणाऱ्या चार्ल्स जेनेन्स यांच्याकडे पोहोचला. पुढे हातोहाती फिरून १९६५ मध्ये हे कागद मँचेस्टरच्या ग्रंथालयात आले. हा संग्रह ओळखला जाई तो हँडेल यांच्या हस्तलिखितांसाठी. १९७३ मध्ये संशोधक मायकल टॅल्बट यांच्या नजरेस त्यातील व्हिवाल्डी पडले. काही सोनाटा इतरत्र माहीत होत्या. काही पूर्णपणे नव्या होत्या.

या सोनाटा कशा वाजवतात?

कागदावर दोनच ओळी असतात : वर व्हायोलिन, खाली खर्जाचे सूर. मधली जागा हार्पसिकॉर्ड किंवा थिऑर्बो हे लांब मानेचे तंतुवाद्य वाजवणाऱ्याने ऐनवेळी भरायची. संथ भागात व्हायोलिनवादकही स्वतःची नक्षी घालतो. बंदिशीच्या चार ओळींवरून गायक मैफल उभी करतो, तसेच काहीसे. त्यामुळे दोन वाद्यसमूहांची एकच सोनाटा सारखी ऐकू येत नाही.

शोध अजून थांबलेला नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे गालुप्पी यांच्या नावावर असलेली एक धर्मरचना व्हिवाल्डी यांची असल्याचे २००५ मध्ये लक्षात आले. ती ग्रंथालयातच होती, फक्त चुकीच्या नावाखाली.