पंडिता रमाबाई : केडगावच्या मातीत रुजलेली भक्ती



२३ एप्रिल ही पंडिता रमाबाईंची जयंती. त्यांच्याविषयी मुलांना सांगायची वेळ आली की आपण ठरावीक चार वाक्ये सांगतो. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभारलं, आणि संपलं. (तेवढ्यातही मुलं पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे यांची गल्लत करतात ती करतातच!) एक गोष्ट मात्र आपण हळूच गाळतो, किंवा अर्ध्या वाक्यात उरकतो. रमाबाई ख्रिस्ती होत्या, आणि त्या नुसत्या नोंदीपुरत्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचं उठणं-बसणं, खाणं-पिणं, हिशेब, शेती, छापखाना हे सगळं त्या श्रद्धेतून चालत होतं. ती बाजू काढून टाकली तर त्यांनी काय केलं हे सांगता येतं, पण का केलं ते सांगता येत नाही. आणि वर्गातल्या मुलांचा प्रश्न तर नेमका 'का' हाच असतो. म्हणून आज त्यांचं चरित्र त्या बाजूने पाहू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकात सह्याद्रीतल्या गंगामूळ या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं असा त्यांचा हट्ट. त्या काळी हा मोठाच अपराध होता, त्यासाठी त्यांना विद्वानांपुढे उत्तर द्यावं लागलं. पुढे लक्ष्मीबाईंनी, म्हणजे रमाबाईंच्या आईने, भल्या पहाटे उठवून घरकामाच्या आधी लेकीला शिकवलं. रमाबाईंची पहिली शिक्षिका आई होती, आणि शाळा म्हणजे वाटेत जिथे मुक्काम पडेल ती जागा. कारण हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरत होतं. मुलीला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले ते असे, चालता चालता.

मग दुष्काळ आला. जवळचं सगळं संपलं. भीक मागणं या कुटुंबाला जमेना आणि मजुरी कधी केलेली नव्हती. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि बहीण तिघेही गेले. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. दोघं पायी हिंडत राहिली, पार काश्मीरच्या बाजूपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. हा प्रसंग ध्यानात ठेवा. वीस-बावीस वर्षांनी हीच मुलगी दुष्काळातल्या मुली गोळा करायला निघते, तेव्हा तिला कुणी दुष्काळाचं वर्णन करून सांगावं लागलं नाही.

१८७८ साली भाऊ-बहीण कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले होते. दोघा भावंडांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय! संस्कृतातलं बायबल भेट मिळालं, तेही त्यांना फारसं उमगलं नाही. ज्या स्त्रीने पुढे अख्खं बायबल मराठीत आणलं, तिची सुरुवात ही अशी होती.

पुढची दोन-अडीच वर्षे झपाट्याने गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी विवाह केला. ते शूद्र मानलेल्या जातीचे, म्हणजे आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय लग्न. ते सिलचरला राहत. तिथे घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि या वेळी ती त्यांनी आवडीने वाचली. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या सुरुवातीला पती कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळी माणसं गेलेली आणि कडेवर तान्ही मुलगी. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर होऊ द्या अशी मागणी केली.

१८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टर होणं राहून गेलं. वाँटेज इथल्या सेंट मेरी मठात त्या उतरल्या होत्या. मठातल्या भगिनी लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. रमाबाई ते पाहायला गेल्या. ज्या बायकांचं नावसुद्धा घरात काढू नये अशा बायकांजवळ बसून, मायेने बोलून, त्यांना कामाला लावणाऱ्या बायका त्यांनी पहिल्यांदा पाहिल्या. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसत. तरी येशू विहिरीवर आलेल्या त्या बाईकडे पाणी मागतो, आणि तिच्या आयुष्याची सगळी गुंतागुंत माहीत असूनही तिच्याशी आदराने बोलतो. पाणी कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे ज्या देशात जन्मापासून ठरलेलं, त्या देशातल्या ब्राह्मण स्त्रीला ही गोष्ट किती खोल लागली असेल, याचा विचार करा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची जाहीर बाजू घेतली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. धर्म स्वीकारला म्हणून रमाबाईंनी स्वतःचं डोकं कुणाकडे गहाण ठेवलं नाही. त्या शाकाहारी राहिल्या, साडी नेसत राहिल्या. मठाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर माझ्या क्रुसावर संस्कृत का नको, असा वाद त्यांनी घातला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत. पुरुषांना शिकवायची वेळ आली तेव्हा भारतातल्या बिशपांनी नको म्हटलं, यावरही त्या भांडल्या. स्वदेशात पुरुषांच्या सभेत शास्त्रार्थ करून आलेली बाई ती! कोणत्या पंथाच्या नावाने बांधून घ्यायचं, कोणती शिकवण बायबलात आहे आणि कोणती माणसांनी घातली, यावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. श्रद्धा म्हणजे मुकाट मान डोलावणे, असं आपण मुलांच्या मनात कळत-नकळत भरवतो. त्यांना रमाबाई जरूर दाखवाव्यात.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच भाषणे देत, पुस्तक लिहीत पैसा उभा केला. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदतीचं वचन दिलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होती, पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई म्हणून आपण जिला ओळखतो ती. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं.

आता अवघड भाग. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करीत, खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले, आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. पालकहो, तुम्ही त्यांच्या जागी असता तर? माझ्या मते त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. आपल्यावर इतका जीव लावणाऱ्या बाईचं मुली ऐकणारच. पण रमाबाईंचंही समजून घ्यायला हवं. प्रार्थना ही त्यांना शाळेच्या वेळात बंद कपाटात ठेवायची वस्तू वाटत नव्हती. दार लावून घ्या, एवढंच लोक म्हणत होते, आणि नेमकं तेवढंच त्यांना जमलं नाही. याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. पुण्यातला मोठा वर्ग त्यांच्यापासून कायमचा तुटला.

या गदारोळाच्या थोडं आधी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या आत आणखी एक बदल झाला होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांना जाणवलं. आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली, जगभर भाषणं देऊन आलेली बाई स्वतःविषयी असं कबूल करते, हे मला फार मोठं वाटतं. यानंतर त्यांच्या कामाचा रंगच पालटतो. उच्चवर्णीय विधवांपुरतं असलेलं काम दार सताड उघडतं.

त्याला निमित्त झालं १८९६-९७ च्या दुष्काळाचं. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत आहेत आणि मदत छावण्यांतही त्यांची अब्रू सुरक्षित नाही, हे कळल्यावर रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू होता, तिथे एवढ्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं. मग त्यांना केडगावला नेलं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या या गावी त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती, फळझाडं लावून सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. त्या माळावर तंबू आणि झोपड्या पडल्या, आणि मुक्ती सदन सुरू झालं. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! आपल्याला पटावरच्या चाळीस मुलांचा पोषण आहार सांभाळताना घाम फुटतो. इथे कुणाच्या अंगावर खरूज, कुणाला अक्षर माहीत नाही, कुणाला एका जागी बसायची सवय नाही, कुणी भुकेच्या भीतीने भाकरी लपवून ठेवणारी असेल. त्यांना आधी आंघोळ, कपडे, पोटभर अन्न. मग अक्षरओळख. मग हाताला काम. विहिरी खोदल्या, भाजीपाला आणि धान्य पिकवलं, गोठा होता, तेलाचा घाणा होता, माग होते, शिवणकाम होतं, छापखाना होता. मनोरमाबाई अमेरिकेतून शिकून परतल्या होत्या. ब्रेल लिपी शिकून त्यांनी अंध मुलींना वाचायला शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन निघालं. फुलहॅममध्ये पाहिलेलं घर आता दौंडजवळच्या माळावर होतं, आणि इथे सगळ्या जातींच्या मुली एकत्र होत्या.

या सगळ्यात प्रार्थना कुठे होती? पहाटे होती, चर्चमध्ये होती, १९०५ च्या सुमारास तर प्रार्थनेची अशी लाट आली की तिची बातमी परदेशांत पोहोचली. पण ती लाट ओसरल्यावरही दळण दळायचंच होतं. मला रमाबाईंची भक्ती जास्त दिसते ती तिथे. उद्याचा खर्च कुठून येणार ते माहीत नसताना नवी मुलगी दारात आली तर तिला परत न पाठवणं, ही त्यांची रोजची उपासना होती.

आयुष्याच्या शेवटच्या दीड-दोन दशकांत त्यांनी एक आणखी काम अंगावर घेतलं. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं. स्वतः रमाबाईंना त्याची काहीच अडचण नव्हती, पण नुकतीच वाचायला शिकलेल्या मुलीला ते कसं कळणार? म्हणून ज्या बाईला संस्कृत मातृभाषेसारखं येत होतं तिनेच सोप्या, बोलत्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचं ठरवलं. मूळ मजकुराशी भिडायला उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एकीकडे दोन हजारांच्या संसाराचा कारभार आणि दुसरीकडे शब्दाला शब्द शोधणं. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं मुक्ती सदनातल्याच बायका करीत. कालपर्यंत निरक्षर असलेल्या मुलींच्या हातांनी ते पुस्तक अक्षर अक्षर उभं राहत होतं. अध्ययन म्हणजे काय, हे आपण प्रशिक्षणांत पुष्कळ ऐकतो. याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीला कडेवर घेऊन त्या पुण्यात आल्या होत्या, आणि जिच्यावर पुढचं सगळं सोपवायचं होतं, तीच आधी गेली. रमाबाई त्यानंतर आठ-नऊ महिने जगल्या. त्या काळातही भाषांतराचं काम थांबलं नाही. ते त्यांनी संपवत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचा अंत झाला. संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली मुक्ती सदनाच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे.